खग्रास सूर्यग्रहण : लक्झरला जावे का?

प्रश्न : २ ऑगस्ट २०२७ रोजी इजिप्तमधील लक्झर येथे खग्रास स्थिती सहा मिनिटांहून अधिक काळ टिकणार आहे. मुंबईत खंडग्रास ग्रहणे पाहिलेली असताना एवढा खर्च करावा का?

प्रतिसाद १ : अवश्य जावे. २४ ऑक्टोबर १९९५ रोजी राजस्थानातील नीम का थाना येथे ती स्थिती मिनिटभरही टिकली नाही, तरी ती सकाळ आजही डोळ्यांसमोर आहे. सूर्य ९९ टक्के झाकला तरी उरलेला एक टक्का प्रभामंडल, म्हणजे सूर्याभोवतीचे फिकट तेजोवलय, दिसू देत नाही. चंद्राच्या कडेवरील दरीतून निसटलेला शेवटचा किरण हिऱ्याच्या अंगठीसारखा लखलखला आणि तो विझताक्षणी काळ्या तबकडीभोवती मोतिया प्रभामंडल उमलले. अंगावर काटा आला.

प्रतिसाद २ : छायाचित्रांच्या नादी लागू नका. ८ एप्रिल २०२४ रोजी डॅलसमध्ये कॅमेरा जुळवण्यात माझे पहिले मिनिट गेले, याची हळहळ अजून वाटते. ग्रहणचष्मा केवळ खग्रास स्थितीत काढावा आणि कडेला प्रकाशाचा ठिपका दिसण्यापूर्वीच पुन्हा लावावा.

प्रश्नकर्ता : मनःपूर्वक आभार. आईलाही नेणार आहे. १९८० च्या ग्रहणात तिला दारे-खिडक्या लावून घरातच बसवले होते.