मदत हवी आहे: रेवदंड्याच्या वाडीतला अक्षरांचा दगड आणि पडकी भिंत

नमस्कार मंडळी, इथे वाचनमात्र असते मी, पहिलाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमची नारळ-पोफळीची छोटी वाडी आहे रेवदंड्याला, कोटाच्या आत. ज्यांनी पाहिलंय त्यांना माहितीये, अलिबागचा रस्ता तटबंदी फोडूनच आत येतो आणि आत सगळ्या लोकांच्या वाड्या, आणि त्या वाड्यांमधेच पोर्तुगीजांच्या चर्चचे अवशेष. आमच्या वाडीच्या मागच्या बाजूलाही एक जाड भिंत आहे, चुन्यातली, वर कमान अर्धी तुटलेली. लहानपणापासून आम्ही तिला "फिरंग्याची भिंत" म्हणतो आणि तिच्या आडोशाला झावळ्या रचतो, यापलीकडे कधी विचार केला नाही.

तर झालं असं की निसर्ग वादळात (३ जून २०२०) आमच्या निम्म्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या, त्या काढताना विहिरीजवळची धुण्याची धोंड पण हलवावी लागली, आणि ती उलटली तर खालच्या अंगाला अक्षरं! इंग्रजी लिपीतली. पहिल्या ओळीत ई एस टी ए, मग एस ई पी व्ही, पुढे झिजलंय. मधे ढालीसारखं चित्र आहे आणि खाली १६ आणि पुढचे आकडे गेलेले. तेव्हा गडबडीत तशीच भिंतीला टेकवून ठेवली, आता आई मागे लागलीये की काय आहे ते बघ एकदाचं.

माझे प्रश्न: हे काय लिहिलंय? भिंत नक्की कुठल्या चर्चची? आणि मुख्य म्हणजे पोर्तुगीज गेल्यावर ही जागा कुणाकडे गेली हे कुठे कळेल? आमच्या सातबाऱ्यावर पणजोबांच्या मागे काही सापडत नाही. तलाठी कार्यालयात विचारलं तर "ताई, एवढं जुनं कशाला हवंय, वाटणीचं भांडण आहे का" 😀

आगरी_वाट
ताई, बसून घ्या. ते बहुतेक "एस्ता सेपुल्तुरा..." आहे, म्हणजे "ही कबर अमुकची". त्या काळी यू च्या जागी व्ही कोरायचे म्हणून तुम्हाला सेपव्ही दिसतंय. पुढे माणसाचं नाव आणि बरेचदा "आणि त्याच्या वारसांची" असं असतं. ढाल म्हणजे घराण्याचं चिन्ह, म्हणजे कोणीतरी बडी असामी. हे दगड चर्चच्या आत जमिनीतच बसवलेले असायचे, लोक त्यावरून चालायचे. विहिरीवर नंतर कोणीतरी आणला असणार, ओसाड चर्चचा घडीव दगड कोण सोडतो.

जुनी_पाणंद
चर्च कुठलं ते भिंतीवरून सांगणं अवघड आहे कारण तिथे एक नाही, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन अशा ख्रिस्ती संन्याशांच्या सगळ्या पंथांची होती, शिवाय मुख्य चर्च वेगळं. सातखणी मनोरा (सात खण काही आता उरले नाहीत) तो फ्रान्सिस्कनांच्या सेंट बार्बाराचा. तुमची वाडी मनोऱ्याच्या कुठल्या बाजूला ते सांगा. गर्सन द कुन्हा यांचं चौल-वसईवरचं (पोर्तुगीजांचं चौल म्हणजे आपला रेवदंड्याचा कोटच) १८७६ चं पुस्तक आणि १८८३ चं कुलाबा गॅझेटियर दोन्ही नेटवर फुकट आहेत, भाषा इंग्रजी पण वाचनीय.

मालकीचं म्हणाल तर एक गैरसमज आधी दूर करतो. वसईकडे पोर्तुगीज सरदारांना गावंच्या गावं खंडाने दिलेली होती, चौलचं तसं नाही, इथे त्यांच्याकडे तटाच्या आतलं शहर आणि थोडाफार परिसर एवढंच. १५२१ ला निजामशहाच्या परवानगीने कोट बांधायला घेतला, १५७०-७१ ला त्याच निजामशाहीने वेढा घातला, तोही टिकवला, आणि १७४० ला मराठ्यांच्या ताब्यात दिलं. म्हणजे तुमची वाडी बहुधा कुणाचं तरी घर-परसू किंवा मठाची बाग. १७४० आधीचं शोधायचं तर पणजीचं पुराभिलेख, नंतरचं पुण्याला पेशवे दफ्तर, ते बहुतेक सगळं मोडीत.

कोरलईची_सून
सगळे काही गेले नाहीत हं! खाडीपलीकडे आमच्या गावात, कोरलईला या, हजारभर माणसं अजून घरात पोर्तुगीज-मराठी मिसळलेली "नो लिंग" म्हणजे आपली भाषा बोलतात. माऊंट कार्मेलच्या चर्चमधे फोटो दाखवा, सासरे म्हणतात दगड बघायला आम्हीच येतो. आणि तारेच्या ब्रशने घासू नका प्लीज, अॅसिड तर नकोच.

आगरी_वाट
+१. रात्री जा, टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने मारा आणि फोटो काढा, झिजलेली अक्षरं सावलीने उठून दिसतात. आणि भिंत केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत आहे का बघून घ्या, असेल तर १०० मीटरपर्यंत बांधकाम बंद आणि पुढे आणखी २०० मीटर परवानगी लागते. पंपाची खोली वगैरे डोक्यात असेल तर आधीच विचारा.

धागाकर्ती
बापरे. सगळ्यांचे खूप आभार. आईला फोनवर कबरीचं सांगितलं तर दोन मिनिटं गप्पच, मग म्हणाली तुझ्या आजीने चाळीस वर्षं त्यावर गोधड्या आपटल्या गं. आता तिने भिंतीच्या आडोशाच्या झावळ्या काढून तिथला केर काढलाय, मी काही सांगितलं नव्हतं.

@जुनी_पाणंद काका, वाडी मनोऱ्यापासून समुद्राच्या बाजूला आहे, दहा मिनिटं चालत. पंपाची खोली खरंच डोक्यात होती 😬 ते थांबवते. @कोरलईची_सून सासऱ्यांना घेऊन रविवारी याल का? व्यनि करते. शनिवारी रात्री टॉर्चचे फोटो टाकते, तोवर अलिबाग साइडला कोणी मोडी वाचणारं असेल तर सांगा, माझ्या काकांच्या पेटीत दोन कागद निघालेत.