विहिरीत पडलेलं जनावर काढणं: जवान आणि पशुवैद्य यांच्या एकत्र प्रशिक्षणात काय घ्यावं?

केंद्र_प्रमुख
नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्रातले १६ जवान आणि तालुक्यातले ५ पशुधन विकास अधिकारी, असं दोन दिवसांचं एकत्र प्रशिक्षण ठरलंय. गाठी-दोर जवानांना येतात, जनावर डॉक्टरांना कळतं, पण एकमेकांसोबत काम करायची सवय नाही. कॉल येतात ते बहुतेक बिनकठड्याच्या विहिरींचे, आता शेततळ्यांचेही. हाताशी तिपाई, २ टनी चेन कप्पी, ६३ मिमीचे जुने होज आहेत. हायड्रा (चाकांवरची क्रेन) भाड्याने मिळते. सराव कशावर घ्यायचा, बेल्ट कुठे लावायचा आणि भूल कधी द्यायची, एवढं नेमकं सांगा.

दोर_आणि_कप्पी
सरावासाठी जिवंत जनावर टांगू नका. २०० लिटरचा लोखंडी ड्रम वाळूने भरला की ३०० किलोच्या थोडा वर जातो, म्हणजे मध्यम अंगाची गाय. पाण्याने भरलेला ड्रम चालणार नाही. तो विहिरीत बुडालेला असेपर्यंत दोराला जवळजवळ काहीच वजन लागत नाही, आणि तुम्हाला शिकवायचंय ते नेमकं हेच. पाण्यातलं जनावर हलकं लागतं, सगळे खूश होऊन भराभर ओढतात. अंग पाण्याबाहेर आलं की पूर्ण भार एकदम बसतो. बेल्ट सरकतो, तिपाईचा पाय रुततो, तो याच वेळी. म्हणून पाठ पाण्याबाहेर दिसली की थांबायचं. बेल्ट, शॅकल (बेल्ट हुकाला जोडणारी लोखंडी कडी), तिपाईचे तिन्ही पाय पुन्हा बघायचे, मगच पुढची साखळी ओढायची. ड्रमवर हा थांबा दहा वेळा करून घ्या.

बेल्ट दोन. एक पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीखाली, दुसरा मागच्या मांड्यांपुढे. गाईच्या कासेवर आणि बैलाच्या मुताडावर तो दाबला जाता कामा नये. दोन्ही बेल्ट छातीपुढून आणि ढुंगणामागून आडव्या पट्ट्याने एकमेकांना बांधा. जनावराचं अर्ध्याहून जास्त वजन पुढच्या बाजूला असतं, पट्टा नसेल तर ते नाकावर घसरतं.

हिरवा २ टनी बेल्ट ६० मिमी रुंद असतो, नुसता लावला तर कातडीत रुततो. ६३ मिमीचा होज चपटा केला की साधारण १० सेंमी भरतो, त्यातून बेल्ट ओवून घ्या. भार बेल्टने घ्यायचा, होज फक्त गादी. नुसत्या जुन्या होजवर जनावर उचलू नका, त्याची उचलण्याची ताकद कुणी तपासलेली नसते.

बेल्टची टोकं एकाच हुकात आणताना कोन बघा. आडव्याशी ६० अंश असेल तर प्रत्येक बाजूवर भाराच्या ५८ टक्के ताण, ३० अंशाला अख्खा भार, शिवाय बरगड्या आवळल्या जातात ते वेगळं. वर आडवा स्प्रेडर पाइप (बेल्टची टोकं एकमेकांपासून लांब ठेवणारा) घातला तर दोन्ही त्रास टळतात.

वेसण, शिंगं, मान, शेपूट, पाय यांतल्या कशालाही ओढायचं नाही. मोरकीचा दोर डोकं पाण्यावर धरण्यापुरता.

डॉक्टर_मराठवाडा
भुलीबद्दल. जनावर पाण्यात असताना भूल नको, मान पडते आणि नाक बुडतं. कोरड्या विहिरीत झायलाझिन हे गुंगीचं औषध द्यायचं झालं तर गाईम्हशींना घोड्याच्या मानाने दहावा हिस्सा पुरतो, दर किलोला ०.०५ ते ०.१ मिग्रॅ स्नायूत. ३५० किलोला १७ ते ३५ मिग्रॅ. बाटली २० मिग्रॅ प्रति मिलीची आहे की १०० ची, हे मोठ्याने वाचून दुसऱ्याला ऐकवा, धावपळीत पाचपट डोस जातो तो इथेच. रवंथ करणाऱ्या जनावराला यामुळे पोटफुगी होते, चारा घशात उलटा येतो. गाभण शेवटच्या महिन्यांत असेल तर टाळाच, गर्भाशय आकुंचन पावतं.

टांगलेल्या जनावराचं पोट छातीपडद्यावर येतं, श्वास कोंडतो. म्हणून सगळी जुळवाजुळव भार घेण्याआधी व्हावी आणि अधांतरी काही मिनिटंच जावीत. डॉक्टरांनी वर उभं राहून श्वास मोजावा आणि ‘थांबा’ म्हणायचा हक्क त्यांच्याकडे असावा. ‘उचला’ मात्र एकाच जवानाने म्हणायचं.

बाहेर आल्यावर लोक ते उभं करायला धावतात. नको. छातीवर बसवा, दोन्ही बाजूंना पोती लावा, गोणपाटाने अंग खसाखसा पुसा. आडवं सोडलं तर फुगतं. तास-दोन तासांनी कूस बदला, नाहीतर खालच्या पायाचे स्नायू दबून निकामी होतात. बाटलीने गूळपाणी किंवा तेल कुणालाही पाजू देऊ नका, ठसका लागून फुप्फुसात जातं. नाकातोंडात पाणी गेलेलं असेल तर पुढचे दोन-तीन दिवस ताप आणि धाप बघायला मालकाला सांगून ठेवा.

आणि लाळ गळतेय, आवाज घोगरा झालाय, कारण नसताना अंगावर येतंय, अशा जनावराला हात लावण्याआधी रेबीजचा संशय घ्या.

विहिरीवरचा
स्टार्टर बंद केला म्हणून निर्धास्त राहू नका. शेतातल्या बहुतेक मोटारींना ऑटो असतो, लाइट आली की मोटार आपोआप चालू. फ्यूज काढून खिशात घाला आणि पेटीजवळ माणूस उभा करा.

यारीवाला (विहीर खोदताना मुरूम वर ओढणाऱ्या यंत्राचा मालक) मदतीला येतो म्हणतो, त्याला नम्रपणे बाजूला ठेवा. ती मुरमाच्या बकेटीसाठी बनवलेली असते, पाय झाडणाऱ्या भारासाठी नाही.

केंद्र_प्रमुख
वायूचं काय? जुने लोक कंदील सोडून बघतात.

दोर_आणि_कप्पी
कंदील विसरा. मिथेन असेल तर भडका उडेल, आणि हायड्रोजन सल्फाइड किंवा कार्बन मोनॉक्साइड त्याला कळत नाही. चार वायूंचा मीटर दोराने सोडा, दर मीटर-दीड मीटरला थांबून आकडा स्थिर होऊ द्या. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली असेल तर श्वसनयंत्राशिवाय कुणी उतरायचं नाही. आकडे चांगले आले तरी मीटर खालीच ठेवा. जनावर पाय मारून गाळ ढवळतं तसा त्यातला वायू सुटतो.

उतरणाऱ्याचा दोर वेगळा आणि वेगळ्या आधाराला, जनावराच्या कप्पीला नाही. लाइफ जॅकेट, हेल्मेट हवंच. काठावरच्या बघ्यांच्या पायाखालचे दगड खाली येतात, म्हणून १५ मीटरवर दोरी बांधा. जनावर आणि भिंत यांच्या मध्ये जायचं नाही. गाय लाथ नुसती मागे मारत नाही, पाय पुढे आणून बाजूलाही मारते. बेल्ट पोटाखालून घ्यायला बांबूला आकडा लावून वापरा, हात नको.

हायड्राची बूम (उचलणारा लांब हात) लांबवली की तिची ताकद झपाट्याने घटते. १४ टनी म्हणजे दूरवरही १४ टन असं नसतं, ऑपरेटरकडून तक्ता मागा. आणि चाकं काठापासून लांब ठेवा: वरचा मातीचा भाग न बांधलेला असेल तर तो जितका खोल, निदान तितकी.

बागायतदार_३०_गुंठे
शेततळ्याचा वेगळा अर्धा दिवस ठेवा. तळ्यात अंथरलेला ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद ओला झाला की जनावर चढत नाही आणि जवानही चढत नाही. कडेला काथ्याची जाळी किंवा जुनी सतरंजी पाण्यापर्यंत अंथरून वर पक्की बांधा. ट्रकची ट्यूब मानेखाली सरकवून जनावर त्या बाजूला वळवा. खूर जाळीत अडकले की ते बऱ्याचदा स्वतःच जोर लावतं, मागून छातीपट्ट्याने आधार पुरतो. कागद फाटला म्हणून मालक ओरडेल, ओरडू दे.

मालकाला काम मात्र द्या, नाहीतर तोच आधी उडी मारतो. वासरू किंवा पेंडीची बादली घेऊन त्याला बाहेर पडायच्या जागी उभा करा.

डॉक्टर_मराठवाडा
एक राहिलं. गवा किंवा बिबट्या असेल तर वन विभागाला १९२६ वर कळवायचं, ते येईपर्यंत फक्त गर्दी मागे ठेवायची. पाळीव जनावरासाठी डॉक्टर हाताशी नसेल तर १९६२. हे दोन्ही आकडे गाडीच्या डॅशबोर्डवर चिकटवून ठेवा.