सेनोतेला विहीर म्हणावं का?

प्रश्न: मेक्सिकोतल्या युकातानमधल्या माया संस्कृतीच्या अवशेषांवर मुलांसाठी लेख लिहितेय. तिथल्या पाण्याने भरलेल्या खोल खड्ड्याला, म्हणजे 'सेनोते'ला, मी सरळ 'विहीर' लिहिलं होतं. फोटो बघून भाची म्हणाली, "मावशी, हिला ना पायऱ्या ना रहाट!" दुसरा शब्द आहे का? आणि 'अंडरवॉटर आर्किऑलॉजी'ला 'सागरी पुरातत्त्व' चालेल? सेनोतेतून वस्तू बाहेर काढण्याला मी सगळीकडे 'उत्खनन' लिहिलंय, तेही बघा.

— ताई, भाचीचा मुद्दा रास्त आहे. विहीर माणसं खणतात. सेनोते आपोआप घडतं. पाणी चुनखडी पोखरतं, खाली गुहा होते आणि कधीतरी तिचं छत ढासळतं. 'डोह' म्हणावं तर तो नदीत असतो, आणि उत्तर युकातानात जमिनीवरून वाहणाऱ्या नद्या जवळजवळ नाहीतच. 'कुंड' त्यातल्या त्यात बरं. पण मी 'सेनोते'च ठेवेन. मूळ माया शब्द 'त्सोनोत'च्या जवळचा, स्पॅनिश जिभेवर त्याचं सेनोते झालं. आपण बटाटा पचवला, हेही पचेल.
'सागरी' मात्र नको, जंगलात सागर कुठला? मुलांसाठी 'पाण्याखालचं पुरातत्त्व' पुरे.

— विहिरीला इतकं हाकलू नका हो. चिचेन इत्सा या युकातानमधल्या प्राचीन माया शहराच्या नावातच 'चि' म्हणजे तोंड, 'चेन' म्हणजे विहीर: इत्सा लोकांच्या विहिरीच्या तोंडाशी वसलेलं गाव. विहिरीला तोंड आपल्याकडेही असतंच.
मला खुपतं ते सरसकट 'उत्खनन'. एडवर्ड थॉम्पसन या अमेरिकन संशोधकाने १९०४ पासून तिथली पवित्र सेनोते धुंडाळली ती यारीला लोखंडी बादली लावून. गाळासोबत सोनं, जेड, कोपाल धूप, माणसांची हाडं वर आली. पण काय कशाच्या वर होतं, कशाच्या खाली, ते बादलीत कालवलं गेलं. हा उपसा झाला.

— युकातानमधल्या पाण्याखालच्या गुहेतला 'ओयो नेग्रो' हा खड्डा लेखात घेणार असाल तर जपून. २००७ मध्ये तो खड्डा पाणबुड्यांना सापडला (पाणबुडे! पाणबुडी नौदलाची). तिथला किशोरवयीन मुलीचा सांगाडा १२ ते १३ हजार वर्षांपूर्वीचा. तेव्हा समुद्राची पातळी खाली होती, गुहा कोरडी होती. म्हणजे ती बुडाली नाही, पडली. संशोधकांनी तिला 'नाया' नाव दिलंय. मुद्रितशोधक त्याचं 'माया' करतील, आणि माया संस्कृती तर तिच्यानंतर हजारो वर्षांनी आली.

— आभार! 'उपसा' घेतला, 'सेनोते'ही ठेवलं. पण एकाने 'ते सेनोते' लिहिलंय, दुसऱ्यांनी 'ती'. स्पॅनिशमध्ये म्हणे पुल्लिंगी. आता लिंगाचं काय करू?