सासूबाई विचारतात, इन्सुलिन डुकराचं असतं का?

जुळे_सोलापूरची_सून:
नमस्कार. सासूबाईंची साखर गोळ्यांनी आटोक्यात येईना, म्हणून डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलंय. बाटली फ्रीजमध्ये तशीच पडून आहे. आम्ही लिंगायत, त्यांनी उभ्या जन्मात घरात अंडंसुद्धा येऊ दिलं नाही. गल्लीत कुणीतरी सांगितलं की हे औषध डुकरापासून काढतात. तेव्हापासून एकच धोशा, "मरेन, पण ते अंगात घेणार नाही." खोटं सांगून सुई टोचणं मला जमणार नाही. खरं काय आहे?

अशोक_चौक_मेडिकल:
ताई, खोटं सांगूच नका. सासूबाईंनी ऐकलं ते एके काळी खरंच होतं. 1922 मध्ये टोरोंटोत पहिल्यांदा माणसाला इन्सुलिन टोचलं, ते जनावराच्या स्वादुपिंडातून काढलेलं. पुढची साठ वर्षं जगभरचे पेशंट कत्तलखान्यातून आलेल्या गाईबैलांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडांवरच तगले. इन्सुलिनमध्ये 51 अमिनो आम्लं असतात. डुकराच्यात आणि आपल्यात फक्त एकाचा फरक, म्हणून ते माणसाला चालायचं.
1978 मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या इन्सुलिनची जनुकं प्रयोगशाळेत जुळवून ई. कोलाय या जिवाणूत घातली आणि जिवाणू इन्सुलिन बनवू लागले. 1982 मध्ये तिथे त्याच्या विक्रीला परवानगी मिळाली. आता कुणी जिवाणू वापरतं, कुणी यीस्ट. पाव फुगवणारं यीस्टसुद्धा त्यात आलं. मोठ्या टाक्यांत ते वाढवायचं, मग त्यातून इन्सुलिन वेगळं काढून शुद्ध करायचं. तुमच्या खोक्यावर बारीक अक्षरात 'आर-डीएनए' (म्हणजे असं जनुकं जुळवून बनवलेलं) छापलेलं असेल, तर ते कुठल्याही जनावराच्या अंगातून काढलेलं नाही. माझ्याकडे म्हातारी माणसं हाच प्रश्न घेऊन येतात, तेव्हा मी खोकं त्यांच्या हातात देतो आणि नातवाला ती ओळ मोठ्यानं वाचायला लावतो.

विडी_घरकुल:
माझी आई रोज घेते. सिरिंज नीट बघून घ्या. बाटलीवर 40 किंवा 100 असतं, म्हणजे एका मिलीत तितकी युनिटं. 40 च्या बाटलीला लाल टोपणाची, 100 ला केशरी. 100 चं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरलं तर डोस अडीचपट जातो, जिवावर बेतेल. बाटली बर्फाच्या कप्प्यात नको. गोठलं की टाकून द्यायचं. आमचं पत्र्याचं घर, मे महिन्यात आत नुसती भट्टी. लाइट गेली की आई बाटली डबीत घालून ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवते.

जुळे_सोलापूरची_सून:
खोक्यावर आर-डीएनए आहे! त्यांनी चष्मा लावून स्वतः वाचलं, माझ्या नवऱ्यालाही वाचायला लावलं. आता म्हणतात, श्रावणी सोमवारचा उपास सोडणार नाही.

अशोक_चौक_मेडिकल:
डॉक्टरांना आधी विचारा, त्या दिवशीचा डोस तेच ठरवतील. पोटात काही नसताना नेहमीचा डोस दिला तर साखर एकदम उतरते. घाम फुटला, हातपाय थरथरले की लगेच साखरपाणी द्या. उपास असला तरी.