पहिल्या वर्षाला अभियांत्रिकी आणि तिचा सामाजिक इतिहास एकत्र कसा शिकवावा? (बडोदा)

दांडियाबाजार: पहिल्या वर्षाची 60 मुलं, आठवड्याला दोन तास. इतिहास सांगायला घेतला की वर्ग पेंगतो, गणितं घेतली की इतिहास राहून जातो. आपल्याकडचं एखादं उदाहरण आहे का, ज्यात दोन्ही एकाच प्रयोगात बसेल?

रावपुरा: डभोई–मियागाम रेल्वे घ्या. 1862 साली गायकवाड सरकारने टाकलेल्या या अडीच फुटी (दोन रुळांत अडीच फूट अंतर असलेल्या) मार्गावर सुरुवातीला डबे बैल ओढत. वर्गाला पहिला प्रश्न हाच: बैलच जुंपायचे तर रूळ कशाला?

गणित असं. 400 किलोचा बैल दिवसभर आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकी ओढ देतो. जोडीची झाली 80 किलो. कच्च्या रस्त्यावर भाराच्या 5 ते 10 टक्के ओढ लागते, म्हणजे जोडी 800 ते 1600 किलो नेईल. रुळावर अर्धा टक्का धरला तर 16 टन. मात्र 200 ला 1 असा चढ आला की आणखी अर्धा टक्का लागतो, 16 चे लगेच 8 होतात.

प्रयोगाला दोन मीटरचे दोन अ‍ॅल्युमिनियम अँगल, बॉल बेअरिंगच्या चार चाकांची गाडी, 10 किलो भार, आणि पुलीवरून टांगलेली वजनं. मग तीच गाडी वाळूच्या ट्रेमध्ये.

पाणीगेट: प्रयोग बिघडतो तो मोजण्यात. 5 किलोचा स्प्रिंगकाटा वापरू नका, त्यावर 100 ग्रॅम धड वाचता येत नाहीत. अँगल समांतर नसले तर चाकं कडेला घासतात. टेबलाचा उतार काढून टाकायला गाडी दोन्ही दिशांनी ओढून सरासरी घ्या. आणि गाडी आपणहून हलेपर्यंत वजनं वाढवत जाऊ नका, ती सुटतानाची ओढ झाली. बोटाने हलकेच ढकला. ज्या वजनाला ती एकाच वेगाने चालत राहते ते लिहा.

आकडा अर्ध्या टक्क्याहून जास्तच येईल. त्याला चूक म्हणू नका. लहान चाकाला बेअरिंगचा विरोध जड जातो, हे मुलांनाच शोधू द्या.

दांडियाबाजार: उत्तम. पण यात इतिहास कुठे बसवायचा?

रावपुरा: मुख्य रेल्वे 1861 ला बडोद्यापर्यंत आली, आणि त्याच वर्षी अमेरिकेत यादवी पेटून तिकडचा कापूस अडल्याने इकडच्या कापसाचे भाव चढू लागले. डभोईचे रूळ हलके, दर यार्ड (तीन फूट) लांबीला 13 पौंड वजनाचे, इंजिनाचा भार त्यांना झेपत नव्हता; नियमित इंजिनं 1873 पासून. परीक्षेला एकच पान मागा: या मार्गाने गाडीवान, हमाल आणि कापसाचा व्यापारी यांचं काय बदललं असेल? प्रत्येक विधानामागे स्वतः मोजलेला एक आकडा हवा.