नुसती गोळी, की सोबत केमोही?

परळचा पाहुणा:
फुप्फुसाचा कॅन्सर चौथ्या स्टेजला, पण रिपोर्टमध्ये ईजीएफआर पॉझिटिव्ह, म्हणजे गाठीत असा जनुकीय बदल की त्यावर नेमकी गोळी चालते. 'चला, गोळीवर भागलं' म्हणून घरचे हुश्श करतात. आम्हीही केलं. आता वाटतं, अंगात ताकद असेल तर केमो सोबतच घ्यावी. टाटा मेमोरियलच्या चाचणीचा २०१९चा निकाल बघा. ३५० रुग्ण होते. नुसत्या जेफिटिनिबवर, म्हणजे त्या गोळीवर, आजार साधारण ८ महिने दबून राहिला, सोबत पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिन ही केमो दिल्यावर १६.

सांगलीची सून:
पुढची ओळ का गाळलीत? गंभीर दुष्परिणाम गोळीवाल्यांत २५ टक्के, दोन्ही घेणाऱ्यांत ५१. माझ्या सासूबाई नुसत्या गोळीवर १४ महिने होत्या. तोंडावर पुरळ, अंगठ्याचं नख पिकलेलं, मधूनच जुलाब. पण भाकऱ्या स्वतः थापायच्या. केमो म्हणजे दर २१ दिवसांनी रात्रीची गाडी, सकाळी सीबीसी म्हणजे रक्तपेशींची तपासणी, आणि पेशी कमी आल्या की 'पुढच्या आठवड्यात या'. ते दिवस कुणाच्या खात्यात मांडायचे?

परळचा पाहुणा:
कार्बोप्लॅटिन चार सायकलनंतर थांबतं, ताई. पुढे गोळीसोबत पेमेट्रेक्सेड एकटंच.

सांगलीची सून:
म्हणजे सुई आहेच! गोळी लागू पडेनाशी झाली की मग घ्या ना केमो.

आकडेमोड्या:
घोडं तिथंच पेंड खातं. तोवर बऱ्याच जणांत केमो सोसायची ताकद उरत नाही. राखून ठेवलेलं औषध तसंच राहतं. शिवाय जेफिटिनिबचं भांडण आता जुनं झालं. ओसिमर्टिनिब ही नवी गोळी एकटी आजार १६.७ महिने दाबते, केमोसोबत २५.५. मेंदूत पसरलेलं असेल तर जोडीचा फायदा आणखी ठळक. २०२५ मध्ये एकूण आयुष्याचेही आकडे आले: नुसत्या गोळीवर ३७.६ महिने, जोडीवर ४७.५.

सांगलीची सून:
२०२४च्या बजेटात ओसिमर्टिनिबवरचं सीमाशुल्क माफ झालं तेव्हा आम्हीही खूश झालो होतो. मग मेडिकलवाल्याने बिल हातात ठेवलं.

परळचा पाहुणा:
पैशाचं बघू कसंतरी. आमचं उद्या ठरायचंय. बाबा ७१ वर्षांचे, जिना चढतात, पेपर वाचतात. शुगर मात्र वीस वर्षांची.

आकडेमोड्या:
मग क्रिएटिनिन किती? किडनी थकली की रक्तात ते वाढतं. पेमेट्रेक्सेड किडनीवाटे बाहेर पडतं. फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ आठवडाभर आधी सुरू करतात, पण पहिलं गणित किडनीचं.

परळचा पाहुणा:
१.६. मागच्या महिन्यात १.३ होतं.