मदत हवी आहे: लंडनमध्ये मत द्यायला फोटो ओळखपत्र लागतं, यादीत माझं आडनाव एक आणि कागदावर दुसरं

हॅरोवाली

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबट आहे, सांभाळून घ्या.

७ मे २०२६ ला लंडनमधल्या सगळ्या बरोंच्या (म्हणजे शहराच्या प्रशासकीय विभागांच्या) काउन्सिल निवडणुका आहेत. आम्ही तीन वर्षं हॅरोत राहतोय, दोघंही अजून भारतीय नागरिकच. राष्ट्रकुलातल्या देशांचे लोक व्हिसावर इथे राहत असले तरी त्यांना मत देता येतं, हे मला गेल्या दिवाळीत कुणाच्या तरी घरी फराळ करताना कळलं. नवऱ्याने त्याच रात्री बसून दोघांची नावं नोंदवली. इथपर्यंत छान.

आता घोळ. नोंदवताना त्याने उत्साहात माझ्या नावापुढे स्वतःचं आडनाव ठोकून दिलं. माझा पासपोर्ट माहेरच्या नावाने आहे, लग्नानंतर मी काही बदललंच नाही. काउन्सिलने तेव्हा कागद मागितले होते, याने काहीतरी पाठवलं (काय ते त्याला आता आठवत नाही) आणि नाव लागलं. परवा पोलिंग कार्ड आलं, सासरच्या आडनावाने.

बरं, पासपोर्ट तरी हाताशी असावा! तो नूतनीकरणाला दिलाय. कधी मिळेल विचारलं तर 'प्रोसेसमध्ये आहे' एवढंच उत्तर. बाकी घरात आहे ते असं: जुनं बीआरपी कार्ड (इथे राहण्याच्या परवान्याचं फोटोवालं कार्ड), ज्यावर ३१ डिसेंबर २०२४ ला मुदत संपल्याचं छापलंय. आधार. भारतातलं मतदार ओळखपत्र, ज्याच्या फोटोत मी दोन वेण्या घालून दचकल्यासारखी बघतेय. पुण्याचं ड्रायव्हिंग लायसन्स, इथलं काढलेलं नाही. आणि लग्नाचा दाखला, पण तो नगरपालिकेचा, अख्खा मराठीत.

यातलं काय चालेल? की यंदा नाद सोडू?

आणखी एक. यावरून घरात वाद पेटलाय. नवरा म्हणतो, "आपल्याकडे खेड्यातली म्हातारीसुद्धा कार्ड घेऊन रांगेत उभी राहते, इथल्या लोकांना कसली रड आहे?" मला ते पूर्ण पटत नाही, पण उत्तरही सुचत नाही. जाणकारांनी दोन्हीवर लिहावं.

टेम्सकाठी

ताई, नाद सोडू नका, सोपं आहे.

आधार, भारतीय मतदार कार्ड आणि पुण्याचं लायसन्स तिन्ही बाद. पासपोर्ट राष्ट्रकुलातल्या कुठल्याही देशाचा चालतो, म्हणून भारतीय चालतो. लायसन्स मात्र ब्रिटनचं नाहीतर युरोपातल्या ठरावीक देशांचंच लागतं. बीआरपी यादीत आहे आणि मुदत संपलेलं असलं तरी चालतं, फक्त फोटोवरून तुम्ही ओळखू आलात पाहिजे. त्याऐवजी आता जो ऑनलाइन इ-व्हिसा देतात तो चालत नाही. फोनवरचा फोटो, झेरॉक्स वगैरे काहीच दाखवता येत नाही, मूळ वस्तू हातात हवी.

म्हणजे बीआरपीने चेहऱ्याचा प्रश्न सुटला, आडनावाचा राहिला. किरकोळ फरक केंद्राध्यक्ष पोटात घालतो. आडनावच वेगळं असेल तर नाव बदलल्याचा पुरावा सोबत न्यायचा, लग्नाचा दाखला त्यासाठीच. पण तुमचा देवनागरीतला दाखला हॅरोतल्या त्या टेबलामागच्या बाईंना वाचता आला तर. (हॅरो आहे म्हणा, येईलही!)

मी असतो तर त्या फंदात न पडता 'व्होटर ऑथॉरिटी सर्टिफिकेट' (खास मतदानासाठीचं फोटो ओळखपत्र) काढलं असतं. सरकारी संकेतस्थळावर अर्ज, पैसे लागत नाहीत, नॅशनल इन्शुरन्स नंबर (नोकरी-पगारासाठी इथे मिळतो तो) आणि एक फोटो. ते ज्या नावाने मतदारयादीत आहात त्याच नावाने येतं. दोन दुखण्यांवर एकच गोळी. अर्जाची मुदत मतदानाआधी सहा कामकाजाचे दिवस, संध्याकाळी ५. मध्ये ४ मेची बँक हॉलिडे येते, म्हणून यंदा २८ एप्रिल. पण तुमचा इन्शुरन्स नंबर माहेरच्या नावावर असणार, पडताळणीत अडलं तर ते पुन्हा कागद मागतील. तेव्हा शेवटच्या दिवसाची वाट बघू नका.

हॅरोवाली

किती उपकार! आजच बसते. तात्पुरतं इथलं शिकाऊ लायसन्स काढावं असंही कुणी सुचवलं होतं.

टेम्सकाठी

चालतं की, पण त्याला ३४ पौंड. गाडी शिकायची असेल तर काढा, मतासाठी नको.

तिरकस

धागाकर्तीच्या यजमानांशी सहमत. बँकेत खातं उघडायला, घर भाड्याने घ्यायला, एवढंच काय पोस्टातून पार्सल सोडवायलाही ओळखपत्र दाखवतात, आणि मत द्यायला दाखवायचं म्हटलं की लोकशाही धोक्यात. २०२३ पर्यंत इंग्लंडात केंद्रावर जाऊन नाव-पत्ता सांगितला की मतपत्रिका हातात. शेजाऱ्याचं नाव सांगितलं असतं तर? लंडनच्याच टॉवर हॅम्लेट्स बरोत २०१४ मध्ये काय झालं ते वाचा. महापौरपदाची निवडणूक कोर्टाने २०१५ ला रद्द ठरवली, गैरप्रकारांत तोतया मतदानही होतं.

बोरूबहाद्दर

वाचलंय. त्याच निकालात टपाली मतांचे घोटाळेही होते हे तुम्ही सोयीस्कर गाळलंत. त्याआधीचं बर्मिंगहॅमचं २००४ चं प्रकरण तर मुख्यतः टपाली मतांचंच. तिथे न्यायाधीशांनी असले प्रकार 'बनाना रिपब्लिक'ला लाज आणतील असं म्हटलं होतं. आणि आज फोटो कुठे मागतात? केंद्रावर. टपालाने मत पाठवलं तर फोटो लागतच नाही. चोर खिडकीतून येत होता, यांनी दाराला कुलूप लावलं.

तोतयेगिरीचा आकडाही बघा. २०१९ साली, म्हणजे सार्वत्रिक निवडणूक झाली त्या वर्षी, केंद्रावर दुसऱ्याच्या नावाने मत दिल्याच्या ३३ तक्रारी झाल्या. दोषी ठरला एक.

तिरकस

पकडलाच जात नसेल तर दोषी कसा ठरणार? ओळख न विचारता ओळख खोटी होती हे कळणार कसं, हेही सांगा.

बोरूबहाद्दर

हा मुद्दा मान्य, त्याला पक्कं उत्तर नाही. पण खरा मतदार नंतर आला आणि त्याच्या नावावर आधीच खूण असली की बोंब होतेच. तशा बोंबा फार नाहीत.

ऑयस्टरधारी

मध्येच घुसतो. मी इथे शिकतो. आमच्या आजोबांच्या वयाच्या लोकांना मिळणारं ६०+ चं ऑयस्टर कार्ड (लंडनच्या बस-ट्यूबचं) मतदानाला चालतं. माझं १८+ विद्यार्थ्यांचं चालत नाही. दोन्हींवर फोटो, दोन्ही त्याच संस्थेचे. हे कुठलं लॉजिक? माझ्याकडे पासपोर्ट आहे म्हणून अडलं नाही, पण राग येतो.

टेम्सकाठी

तुमचा राग रास्त. यादी कुणी बनवली आणि कोणाची सोय बघून बनवली, हाच खरा वादाचा मुद्दा. गंमत म्हणजे तो डाव फसला असं हा कायदा आणणाऱ्या हुजूर पक्षाच्याच एका माजी मंत्र्याने, जेकब रीस-मॉग यांनी, २०२३ ला जाहीर भाषणात सांगितलं. त्यांचं म्हणणं, अडले ते म्हातारे, आणि म्हातारे तर आपलेच मतदार होते. आणि २०२४ च्या मेमध्ये बोरिस जॉन्सन स्वतः ओळखपत्र विसरून केंद्रावर गेले. कायदा त्यांच्याच सरकारने २०२२ ला केलेला. त्यांना परत पाठवलं, मग घरून घेऊन आले.

आकडे हवे असतील तर: २०२३ च्या मेमध्ये इंग्लंडात साधारण १४,००० लोक ओळखपत्राविना परत गेले आणि फिरकलेच नाहीत. २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत साधारण १६,०००, पण तेव्हा मतदारच कितीतरी जास्त होते, त्यामुळे प्रमाण खूप खाली आलं. दारावरची पाटी वाचून परस्पर परत गेलेले यात धरलेले नाहीत. तिरकसराव, एका दोषी माणसासमोर हे मांडून बघा.

वाईचे_गुरुजी

मी इंग्लंड पाहिलेलं नाही. मुलगी तिथे असते म्हणून धागा उघडला. पण नवरोबांनी खेड्यातली म्हातारी काढली आहे, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केल्यामुळे निवडणूक ड्यूटी माझ्या पाचवीला पुजलेली. तेव्हा त्या म्हातारीबद्दल लिहितो.

ती कार्ड घेऊन येते हे खरं. पण ते कार्ड तिने मागितलेलं नव्हतं. १९९३ पासून निवडणूक आयोगाने, शेषनसाहेबांच्या काळात, कार्डं करायला घेतली, तेव्हा फोटोवाला गावात आला, शाळेच्या भिंतीवर पांढरी चादर लावून फोटो काढले. म्हातारीला कुठे जावं लागलं नाही. आणि कार्ड हरवलं तरी अडत नाही. आधार, पॅन, फोटोचं बँक किंवा पोस्टाचं पासबुक, पेन्शनचा कागद, मनरेगाचं जॉबकार्ड, असे डझनभर पर्याय. मला एक आजी आठवतात. पदराची गाठ सोडून पोस्टाचं पासबुक काढलं, फोटोवर हळदीचा डाग, फक्त नथ आणि कपाळ दिसत होतं. मी चष्मा वर करून बघतोय तोवर मागून दोन पक्षांचे एजंट एका सुरात म्हणाले, "गुरुजी, आमची आत्याबाई हाय, द्या की चिठ्ठी."

खरी ओळखपरेड ती. एक नंबरचा मतदान अधिकारी नाव मोठ्याने वाचतो ते उगाच नाही, समोर एजंट कान देऊन बसलेले असतात. कुणाला शंका आली तर दोन रुपये भरून हरकत घ्यायची, केंद्राध्यक्षाने तिथल्या तिथे चौकशी करायची. तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर तुम्हाला प्रदत्त मत देता येतं, ते मशीनवर नाही, कागदावर. आणि शेवटी बोटाला शाई.

म्हणजे आपल्याकडे ओळखपत्र हा चार कुलपांतला एक. आणि कार्ड असून यादीत नाव नाही म्हणून डोळ्यांत पाणी घेऊन परत गेलेली माणसं मी जास्त पाहिली, कार्ड नाही म्हणून गेलेली त्यामानाने कमी. नवरोबांना हे सांगा.

हॅरोवाली

गुरुजी, नमस्कार. वाचून दाखवलं. "आत्याबाई हाय" वर खूप हसला, मग गप्प बसला. तेवढं पुरे.

तिरकस

गुरुजींना मानलं. पण मग इथेही तसंच करा ना! कार्ड घरपोच द्या, सगळ्यांना फुकट.

बोरूबहाद्दर

इथे गाडी नेमकी तिथेच अडते. ब्रिटिशांना सरकारने दिलेलं सरसकट ओळखपत्र नकोच असतं. २००६ ला त्याचा कायदा झाला होता, २०१० ला नवं सरकार आलं आणि मोडीत काढला. उत्तर आयर्लंडमध्ये मात्र २००३ पासून फोटो लागतो आणि मतदारांसाठी फुकट कार्डही आहे, तिथे एवढी ओरड ऐकू येत नाही. म्हणजे तिरकसराव, तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. असं मी म्हटलंय, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

आताच्या सरकारने जुलै २०२५ मध्ये बँकेचं कार्डही चालेल असं करण्याचा इरादा जाहीर केला. पण यंदा कुणी त्या भरवशावर जाऊ नका.

नवी_नवरी_स्लाव

ताई, एक भाबडा प्रश्न. इथे मत दिलं तर भारताचं नागरिकत्व जात नाही ना? सासूबाईंनी घाबरवून ठेवलंय.

टेम्सकाठी

नाही जात. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं तर जातं. मत दिल्याने नाही. सासूबाईंना नमस्कार सांगा.

हॅरोवाली

अपडेट. अर्ज केला त्याची ही कथा. फोटोला साधी भिंत हवी, आमच्या भाड्याच्या घरात एक भिंत रिकामी नाही. शेवटी फ्रिजवरचे सगळे मॅग्नेट काढून त्याच्या दाराला टेकून उभी राहिले. पहिला फोटो परत आला, चष्म्यावर ट्यूबलाइट चमकत होती. दुसरा चष्मा काढून. मग अपेक्षेप्रमाणे आडनावाचं पत्र आलं. लग्नाच्या दाखल्याचं इंग्रजी भाषांतर जोडलं, सोबत जुन्या बीआरपीची प्रत. नऊ दिवसांनी लिफाफा आला. कार्ड असेल असं वाटलं होतं, तर ए-फोर आकाराचा कागद. त्यावर फोटो आणि सासरचं आडनाव. नवरा म्हणाला, "बघ, शेवटी माझंच नाव कामी आलं." मी म्हटलं, घोळही त्यानेच झाला.

पासपोर्ट अजून 'प्रोसेसमध्ये' आहे.

शेवटचा प्रश्न, हसू नका: पेन आपलं न्यायचं का?

टेम्सकाठी

तिथे पेन्सिल असते, दोरीला बांधलेली. पेन नेलंत तरी चालतं. कागदाची घडी घालू नका हो त्या सर्टिफिकेटच्या, पिशवीत सपाट ठेवा.

वाईचे_गुरुजी

आणि शाई?

टेम्सकाठी

लावत नाहीत, गुरुजी.

वाईचे_गुरुजी

मग फोटो कशाचा पाठवणार आमची मुलगी?